खरेदीखत कपाटात, सातबारा दुसऱ्याच्या नावावर

वाचकाचं पत्र

वकील मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. माझ्या वडिलांनी २००९ च्या मे महिन्यात गावातल्याच एका काकांकडून जिरायत जमीन विकत घेतली. अख्खा गट, १ हेक्टर १२ आर. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं आहे, पैसे चेकने दिलेले आहेत, ताबा त्याच दिवशी मिळाला. तेव्हापासून आम्हीच तिथे ज्वारी, हरभरा करतो. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव लावायचं मात्र राहून गेलं. वडील म्हणायचे, "कागद आपल्याकडे आहे, कशाला काळजी?"

विकणारे काका २०१८ साली गेले, वडील मागच्या वर्षी. आता आम्ही वारस नोंदीसाठी गेलो तर सातबाऱ्यावर काकांच्या दोन मुलांची आणि मुलीची नावं लागलेली. गेल्या दिवाळीत त्यांच्या थोरल्याने बांधावर येऊन सांगितलं, "सातबारा आमचा, जमीन आमची. वडिलोपार्जित जमीन होती, आमच्या बापाला एकट्याला विकायचा हक्कच नव्हता." आणि त्याच खरेदीखतावर त्याची स्वतःची सही आहे!

तलाठी म्हणतात, इतक्या जुन्या दस्ताची नोंद आता होणार नाही, कोर्टात जा. गावातली चार माणसं म्हणतात, पाच लाख द्या, त्या भावंडांकडून नवीन खरेदीखत करून घ्या आणि मिटवून टाका. माझा भाऊ म्हणतो, नोंद करायचीच तर माझ्या एकट्याच्या नावावर करू, पुढे सोपं पडेल. आई आणि तू शंभराच्या बाँडवर सही करून द्या. आईला रात्रीची झोप नाही. जमीन हातची जाईल का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, आधी आईंना धीर द्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून जमीन जात नाही, आणि सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून ती कोणाची होत नाही. शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीची जमीन विकायची तर ती नोंदणीकृत दस्तानेच विकावी लागते, असं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये आहे. तुमच्या वडिलांनी तेच केलं. नोंदणी झालेला दस्त लागू होतो तो सह्या झाल्या त्या दिवसापासून. म्हणजे २००९ च्या मे महिन्यातच त्या गटाची मालकी तुमच्या वडिलांकडे आली. काका २०१८ साली गेले तेव्हा त्या गटात त्यांचं काही शिल्लकच नव्हतं. बापाकडे जे नव्हतं ते मुलांना वारशाने कुठून मिळणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून कितीतरी निकालांत हे सांगितलं आहे: महसुली दप्तरातली नोंद शेतसारा कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते, तिने मालकी तयार होत नाही की संपतही नाही.

आता दुसरी बाजू, कारण खोटा दिलासा देऊन मला तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. शिवाय रोजच्या व्यवहारात सरकार आणि बँक दोघंही सातबाराच बघतात. सोसायटीचं पीककर्ज, अतिवृष्टीची मदत, मोजणीचा अर्ज, उद्या रस्त्यात जमीन गेली तर भूसंपादनाचा मोबदला, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला विचारून होतं. तुमच्या वडिलांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. व्यवहारात ते महागात पडतं, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत असंच पडलेलं आहे. म्हणून आता एक दिवसही घालवू नका.

पहिलं काम घरातच आहे. मूळ खरेदीखत कपाटातून काढा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचा. वरती 'खरेदीखत' किंवा 'कायम खरेदीखत' असं लिहिलंय ना, की 'साठेखत' किंवा 'विसार पावती'? हे विचारते कारण घरात सगळेच ज्याला खरेदीखत म्हणतात ते प्रत्यक्षात साठेखत निघालेलं मी पाहिलं आहे. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, त्याने मालकी जात नाही. मग माझ्या वर लिहिलेल्या पहिल्या दोन परिच्छेदांचा पायाच बदलतो. तसं निघालं तर पुढचं वाचत न बसता कागद घेऊन थेट वकिलाकडे जा.

कागद खरेदीखतच असेल तर मागची पानं उलटा. दुय्यम निबंधकाचा शिक्का, दस्त क्रमांक, वर्ष, एकूण पानं, दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे, सगळं जागेवर आहे का बघा. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा त्या काळच्या सातबाऱ्याशी जुळतात का तेही बघा; खरेदीखताला बहुतेक वेळा तो सातबारा जोडलेलाच असतो. त्याच सातबाऱ्यावर दोन गोष्टी आणखी पाहा. जमीन भोगवटादार वर्ग १ होती की वर्ग २? वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते आणि ती घेतली होती का, हा प्रश्न निघेल. दुसरं, काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं होतं का? याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलेलं होतं. तसं असेल तर थोरल्याच्या 'वडिलोपार्जित' या बोलण्याला थोडा आधार मिळतो आणि आपल्याला उत्तराची तयारी जास्त करावी लागते. अख्खा गट घेतला आहे हे फार चांगलं झालं. गटातला तुकडा घेतला असता तर तुकडेबंदी कायद्याचा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या बंदीचा, वेगळाच गुंता निघाला असता.

मग थोरल्याची सही नेमकी कुठे आहे ते शोधा. या एका सहीवर पुढचं बरंच अवलंबून आहे. त्याचं नाव 'लिहून देणार' म्हणून काकांच्या खाली आहे, 'संमती देणार' किंवा 'मान्यता देणार' म्हणून आहे, की शेवटी 'साक्षीदार' म्हणून? लिहून देणार किंवा संमती देणार म्हणून सही असेल, तर ज्या विक्रीला तो स्वतः मान्यता देऊन बसला, तीच आता चूक म्हणायला त्याला तोंड उरत नाही. फक्त साक्षीदार म्हणून असेल तर तो म्हणेल, मी सही होताना पाहिली, आत काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. साक्षीदाराच्या सहीवरून संमती आपोआप धरली जात नाही, हे खरं. पण सज्ञान मुलाने बापाच्या विक्रीला साक्षीदार व्हायचं, नंतर कित्येक वर्षं शेजारी ज्वारी काढताना बघायचं आणि भाव आल्यावर हरकत घ्यायची, हे कोणत्याही न्यायाधीशाच्या नजरेतून सुटत नाही.

'बापाला विकायचा हक्क नव्हता' या मुद्द्याचंच आणखी सांगते, कारण आईंची झोप यानेच उडालेली दिसते. वडिलोपार्जित जमीन बापाने विकली आणि ती विक्री रद्द करून घ्यायची असेल, तर मुलाने दावा कधी करायचा याला मुदत आहे. मुदतीचा कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १०९ प्रमाणे घेणाऱ्याने ताबा घेतला त्या दिवसापासून १२ वर्षं. तुमच्या वडिलांनी ताबा २००९ मध्ये घेतला, म्हणजे ही मुदत केव्हाच संपली. विक्रीच्या वेळी एखादं भावंड अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल तर त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागेल, म्हणून तिघांचीही २००९ मधली वयं माहिती करून घ्या. थोरला तर सही करण्याइतका मोठा होताच. विक्री घरच्या गरजेसाठी होती, कर्ज फेडायला किंवा लग्नाला, असं खरेदीखतात लिहिलेलं असेल तर तेही तुमच्या बाजूचं.

आता तलाठ्यांकडे येऊ. (पदाचं नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण चावडीत अजून तलाठी हीच हाक चालते, मीही तीच वापरते.) 'जुन्या दस्ताची नोंद होत नाही' याला कायद्यात आधार नाही. संहितेचं कलम १४९ म्हणतं की जमिनीत हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं. पण त्याच कलमात पुढे सांगितलंय की ज्याला हा हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळाला आहे, त्याच्यावर कळवण्याची सक्ती नाही. का? कारण कलम १५४ प्रमाणे अशा दस्ताची वर्दी तलाठी आणि तहसीलदार यांना पाठवणं हे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचंच काम आहे. म्हणजे २००९ मध्ये वर्दी पाठवायची होती सरकारी कचेरीने आणि नोंद धरायची होती सरकारी चावडीने. तुमच्या वडिलांनी पाठपुरावा केला असता तर बरं झालं असतं, पण कायद्याने चूक त्यांची नाही. हे वाक्य अर्जात ठळकपणे लिहा.

आता दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकावरून तहसीलला जाते आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, सुरू होतो. तेव्हा वर्दीचा कागद टपालाने जायचा. तो कुठल्या टेबलावर, कुठल्या गठ्ठ्यात राहिला, याचा पत्ता आज लागणं अवघड. पण एक शक्यता अशी आहे की तो पोचला होता. आणि ती तपासल्याशिवाय कोणताही अर्ज देऊ नका.

सातबाऱ्यावर नाव नाही याचा अर्थ फेरफार धरलाच गेला नाही, असा नेहमी नसतो. अनेकदा नोंद धरलेली असते आणि मंडळ अधिकाऱ्याने ती रद्द केलेली असते. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, डावीकडे नोंदीचा क्रमांक, मध्ये मजकूर, 'अमुक यांनी तमुक यांचेकडून गट नंबर इतका कायम खरेदी घेतला', आणि शेवटच्या रकान्यात अधिकाऱ्याचा शेरा असतो. तिथे कधी लिहिलेलं असतं, 'संबंधितांना नोटीस बजावलेली नाही, सबब नोंद रद्द.' कधी सोसायटीच्या बोजाचं कारण असतं, कधी ए.कु.मॅ.चं. घेणाऱ्याला हे कळतही नाही. तो घरी कागद कपाटात ठेवून निश्चिंत असतो.

म्हणून २००८ पासून आजपर्यंतचे या गटाचे सगळे सातबारे आणि त्यांवर जे जे फेरफार क्रमांक दिसतील त्यांच्या नकला काढा. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ ज्या फेरफाराने ते नाव लागलं त्याचा क्रमांक असतो, त्यावरून माग काढत मागे जायचं. जुने हस्तलिखित अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर ठेवलेले आहेत. तिथे सापडले नाहीत तर तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. आजचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. मे २००९ ते पुढचं वर्षभर या काळातल्या गावच्या सगळ्या नोंदी नजरेखालून घाला, कारण रद्द झालेल्या नोंदीचा क्रमांक सातबाऱ्यावर उमटतोच असं नाही.

नोंद सापडली आणि ती रद्द झालेली असेल, तर नव्याने अर्ज करून उपयोग नाही. त्या रद्द करण्याच्या आदेशाविरुद्ध संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं. अपिलाची मुदत ६० दिवस. ती कधीच उलटली, पण विलंब माफ करण्याची तरतूद कलम २५१ मध्ये आहे. नोटीसच मिळाली नाही, आदेश माहीतच नव्हता, नक्कल अमुक तारखेला हातात पडली, हे शपथेवर सांगायचं. म्हणून नकलेवरची तारीख जपा.

नोंद सापडलीच नाही तर तलाठ्यांकडे लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणं आता पुरे. अर्जासोबत खरेदीखताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २ चा (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा) उतारा जोडा; दोन्ही दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतात. मूळ दस्त कोणाच्याही हातात देऊ नका, दाखवायचा आणि परत घ्यायचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. 'नोंद होत नाही' असं उत्तर आलं तर नम्रपणे म्हणा, "तेवढं लेखी द्या." दिलं नाही तर तोच अर्ज तहसीलदारांच्या आवक शाखेत द्या आणि त्याची पोच घ्या.

तलाठी टाळतात त्यामागे बहुधा एक व्यावहारिक अडचण आहे, ती समजून घेतलीत तर भांडण वाचेल. ऑनलाइन फेरफारात ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव चालू खातेदार म्हणून असावं लागतं. काकांचं नाव वारस नोंदीने कमी झालं आहे, खातेदार आता मुलं आहेत, आणि खरेदीखत काकांनी दिलेलं आहे. म्हणून काकांच्या वारसांची ती नोंद आधी मोकळी करावी लागेल. तिच्याविरुद्धही कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील होतं. मुद्दा साधा: काकांनी हा गट हयातीतच नोंदणीकृत दस्ताने विकला होता, तो त्यांच्या वारसांच्या नावे लावता येत नाही. त्या नोंदीची नोटीस तुमच्या वडिलांना आलीच नसेल, कारण नोटिसा सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना जातात. विलंब माफीसाठी हेही कारण सांगता येतं. काकांची इतर जमीन त्याच फेरफारात असेल तर ती बिनदिक्कत मुलांच्या नावावर राहू द्या, तुमची मागणी या एका गटापुरती ठेवा. यामुळे वाद आटोक्यात राहतो आणि प्रांतांनाही आदेश करणं सोपं जातं.

नोंद धरली गेली की तिची प्रत चावडीत लागते, काकांच्या मुलांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. ती भावंडं हरकत घेतील हे धरूनच चाला. मग ती तक्रारी नोंद होते, सुनावणी लागते, दोन्ही बाजूंचे जबाब होतात. घाबरायचं कारण नाही. महसूल अधिकाऱ्यापुढे मालकीचा निकाल लागत नसतो. तो नोंदणीकृत दस्त आणि ताबा पाहतो, आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत.

तरीही, ताई, दिवाणी न्यायालयाची वाट मी तुम्हाला आजच दाखवून ठेवते. थोरल्याने गेल्या दिवाळीत बांधावर उभं राहून तुमची मालकी नाकारली. मालकी जाहीर करून मागण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती हक्क नाकारला गेला तेव्हापासून मोजली जाते. महसुलाची कामं तारखांवर तारखा घेत चालतात, आणि त्या नादात ही मुदत निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रांतांकडे अपील चालू आहे म्हणून ही मुदत थांबेल असं धरू नका. वर्षभरात महसुलाकडून मार्ग निघाला नाही, किंवा जमीन तिसऱ्याला दाखवायला आणल्याचं कळलं, तर लगेच बार्शीच्या दिवाणी न्यायालयात मालकी ठरवून मागण्याचा आणि मनाई हुकुमाचा दावा दाखल करा. दाव्यासोबत लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे पुढे घेणाऱ्याला वाद चालू असल्याचं दप्तरातच दिसेल. आईंच्या नावे वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

त्यांनी तिसऱ्याला विकलीच तर? नोंदणी झालेला दस्त साऱ्या जगाला माहीत आहे असं कायदा धरून चालतो. घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही, सूची क्रमांक २ काढली असती तर त्याला वडिलांचं खरेदीखत दिसलं असतं. पण एवढ्यावर विसंबून गप्प बसू नका, कारण नवा घेणारा पैसा आणि माणसं दोन्ही घेऊन उतरतो. आजच काकांच्या तिन्ही मुलांना वकिलामार्फत नोटीस द्या आणि बार्शी भागात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटी किंवा बँकेचा नवा बोजा चढलाय का ते दर महिन्याला बघा. चढला असेल तर त्या बँकेलाही खरेदीखताची प्रत जोडून पत्र द्या.

ताब्याचा पुरावा जमवणं हे भावाचं काम. शेतसाऱ्याच्या पावत्या, बियाणं-खताची बिलं, आडतीच्या पट्ट्या, मळणीवाल्याच्या चिठ्ठ्या, पीक उभं असतानाचे तारखेसह फोटो. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते आणि ती खातेदाराचं नाव निवडून करावी लागते. तुम्ही पेरलेली ज्वारी थोरला आपल्या खात्यावर नोंदवत असेल, तर उद्या तो बारा नंबर, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांचा भाग, दाखवून ताबाही आपलाच म्हणेल. हे आधी तपासा. तसं होत असेल तर तलाठ्यांकडे लेखी तक्रार करून स्थळ पाहणी आणि पंचनाम्याची मागणी करा. शेजारच्या बांधकऱ्यांचे जबाब त्यात येऊ द्या. बांधावर हातघाई मात्र होऊ देऊ नका. भावाला माझ्या वतीने सांगा, एक फौजदारी गुन्हा दाखल झाला की तुमचं सरळ प्रकरण वाकडं होतं.

गावातल्या चार जणांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, पण तो ऐकू नका. पाच लाख जातील ते वेगळेच. त्या भावंडांकडून नवीन खरेदीखत घेणं म्हणजे आजवर मालक तेच होते असं तुम्ही स्वतः लिहून देणं. वडिलांच्या २००९ च्या दस्ताची किंमत तुम्हीच शून्य करता, वर आजच्या बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क भरता. भाव आणखी वाढला की बहीण म्हणेल माझ्या वाट्याचे पैसे मिळाले नाहीत, आणि तुम्ही पुन्हा दारात. ती मुलं खरोखर मिटवायला तयार असतील तर त्यांनी मंडळ अधिकाऱ्यासमोर जबाब द्यावा, की आमच्या वडिलांनी हा गट २००९ साली विकला, खरेदीची नोंद व्हायला आमची हरकत नाही. दावा दाखल झाल्यावर मिटलं तर लोकअदालतीत तडजोड करून हुकूमनामा घ्या. गावात वर्षानुवर्षं शेजारी राहायचं आहे म्हणून तुम्ही खुशीने काही देणार असाल, तर तो तुमचा प्रश्न. पण त्या बदल्यात घ्यायची ती जुन्या खरेदीला मान्यता.

आता भावाचं म्हणणं. यात मी तुमची आणि आईंची बाजू घेणार आहे, आणि भावाला दोषही देणार नाही. अनेक घरांत मुलगे हे सवयीने म्हणतात. वडिलांनी जमीन स्वकष्टाने घेतली. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचे समान हिस्से, प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांची आई हयात असेल तर आजींचाही तेवढाच. मुलगी सासरी गेली, नोकरीला पुण्यात आहे, याने हिस्सा कमी होत नाही. वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या वारसांची नावं द्यावीच लागतात. एखादं नाव लपवून केलेली नोंद पुढे त्याच भावाच्या गळ्यात येते.

शंभराच्या बाँडवर, किंवा पाचशेच्याही, सही केल्याने जमिनीतला हक्क सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. बहीण-भावांत त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पण स्वस्त आहे म्हणून घाईने करू नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र 'तेव्हा मन नव्हतं' म्हणून मागे घेता येत नाही. आईंनी तर या घडीला काहीच सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा गेल्यानंतर सातबाऱ्यावरचं नाव हा तिचा आधार असतो, आणि पुढे मुलाला द्यावंसं वाटलं तर बक्षीसपत्राचा मार्ग उघडाच आहे. तिघांची नावं लागली म्हणून भावाची शेती अडत नाही, कसायची त्यानेच. कधी वेगळं व्हायचं ठरलं तर संमतीने वाटणी करता येईल. ११२ आरचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी ३७ आरच्या वर (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा), आणि जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते, २०२३ च्या अधिसूचनेने २० गुंठे केलं आहे, तेव्हा तुकड्याचीही अडचण नाही.

शिवाय या भांडणात तिघांची नावं असणं हीच तुमची ताकद आहे. अर्ज, अपील, दावा, सगळं तिघांच्या सहीने जाऊ द्या. समोरच्याला बहीण-भावात फट सापडली की तो तिथेच पाचर मारतो.

क्रम असा ठेवा: आधी वडिलांच्या नावे खरेदीची नोंद, मग त्यावर तुमची वारस नोंद. दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या. वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या नावांचं शपथपत्र तयार ठेवा. नोंद प्रमाणित झाली की नवा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढून नावांचं स्पेलिंग, गट, क्षेत्र अक्षर-अक्षर तपासा. काही लिहिण्याची चूक दिसली तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा, तो साधा असतो.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा: खरेदीखत वाचून थोरल्याची सही कोणत्या मथळ्याखाली आहे ते बघा, आणि जुन्या फेरफारांच्या नकलेचा अर्ज टाका. २००९ ची नोंद सापडली तर अधिकाऱ्याच्या शेऱ्यासकट तिची नक्कल मला पाठवा. अपील करायचं की नवा अर्ज, हे त्या शेऱ्यावर ठरेल.